लपवलेले शीट: उत्तर आयर्लंडच्या पोलिसांची एक एक्सेल फाइल

८ ऑगस्ट २०२३, मंगळवार. दुपारी अडीचच्या सुमारास उत्तर आयर्लंडच्या पोलीस दलाने, म्हणजे पीएसएनआयने, माहिती अधिकारातल्या एका अर्जाला उत्तर पाठवले. अर्ज पाच दिवसांपूर्वी आला होता आणि प्रश्न अगदी साधा होता: दलात कोणत्या हुद्द्यावर किती अधिकारी आहेत आणि कोणत्या श्रेणीत किती कर्मचारी? उत्तरादाखल एक छोटा तक्ता पुरेसा होता. तो एक्सेल फाइलमधून गेला.

अर्ज 'व्हॉट डू दे नो' या संकेतस्थळामार्फत केलेला होता. मायसोसायटी ही धर्मादाय संस्था ते चालवते. तिथून ब्रिटनमधल्या कोणत्याही सरकारी कार्यालयाला अर्ज करता येतो आणि आलेले उत्तर जोडलेल्या फाइलसकट आपोआप सगळ्यांना दिसू लागते. एकाने विचारलेली माहिती सगळ्यांच्या कामी यावी, हाच तर त्या व्यवस्थेचा हेतू.

त्या तक्त्याच्या मागे, त्याच फाइलमध्ये, आणखी एक शीट होते. लपवलेले. त्यात दलातल्या ९,४८३ अधिकारी-कर्मचाऱ्यांची नोंद होती: आडनाव, नावाची आद्याक्षरे, हुद्दा किंवा श्रेणी, विभाग आणि कामाचे ठिकाण. चार वाजून गेल्यावर दलातल्याच लोकांच्या हे ध्यानात आले आणि धावाधाव सुरू झाली. पाचच्या आत संकेतस्थळाने फाइल झाकली, साडेपाचच्या सुमारास पूर्ण काढून टाकली. तोवर ती कोणालाही उतरवून घेता येत होती.

यात हॅकर नव्हता. कोणाचा पासवर्ड फुटला नाही, कोणी लाच घेतली नाही. फाइल अधिकृत उत्तर म्हणून, ठरलेल्या वाटेने, ठरलेल्या लोकांनी तपासून बाहेर गेली. म्हणूनच हे प्रकरण तपशिलात पाहण्यासारखे आहे. फाइल शेअर करण्यातल्या धोक्यांबद्दल बोलताना आपण बहुतेकदा बाहेरच्या चोराची धास्ती घेतो. इथे घरच्यांनीच ऐवज रीतसर दारात आणून ठेवला.

फाइल कशी तयार झाली

ब्रिटनच्या माहिती आयुक्तालयाने, आयसीओने, नंतर जी हकिकत मांडली ती कोणत्याही कार्यालयात एक्सेलवर काम केलेल्या माणसाला ओळखीची वाटेल.

मनुष्यबळाची माहिती दलाच्या एसएपी या संगणकीय प्रणालीत होती. हुद्दानिहाय आकडे काढायचे म्हणून संबंधित कर्मचाऱ्याने तिथून सगळ्या नोंदी एका एक्सेल फाइलमध्ये उतरवल्या. सुरुवातीला फाइलमध्ये तेवढे एकच शीट होते: माणसामागे एक ओळ. मग त्याच फाइलमध्ये नवी शीट्स जोडत मोजणी झाली, विश्लेषण झाले, उत्तरात द्यायचा तक्ता बनला. काम संपल्यावर मधली कच्ची शीट्स काढून टाकली गेली. जी दिसत होती ती. मूळ शीट मात्र लपवलेल्या स्थितीत होते, ते राहून गेले.

एक्सेलमध्ये शीट लपवायला दोन क्लिक लागतात. खालच्या पट्टीवरच्या टॅबवर उजवी क्लिक, मग 'हाइड'. टॅब नाहीसा होतो. परत आणायला एखादी क्लिक जास्त. लपवणे ही काम करणाऱ्याची सोय आहे, पसारा डोळ्यांआड करण्याची. सुरक्षेशी तिचा काहीही संबंध नाही. तरी कित्येक कार्यालयांत 'मी ते कॉलम हाइड केलेत' हे वाक्य 'मी ते काढून टाकलेत' याच अर्थाने बोलले जाते आणि ऐकलेही जाते.

पुढे ती फाइल मनुष्यबळ विभागात तपासली गेली. मग माहिती अधिकाराचे काम पाहणाऱ्या विभागाकडे आली. तिथल्या निर्णय घेणाऱ्या माणसाने उघडून पाहिली. खालच्या पट्टीवर, दिसणाऱ्या टॅबच्या शेजारी, तीन बारीक ठिपके होते. एक्सेल त्यातून सांगत असते की इथे आणखी काही आहे. ते ठिपके कोणाच्याही डोळ्यांत भरले नाहीत.

मला यात त्या ठिपक्यांपेक्षा तपासणीची रीत जास्त बोलकी वाटते. दोन-तीन पायऱ्यांवर तपासणी झाली, पण प्रत्येकाने तोच पडदा पाहिला: तक्ता बरोबर आहे का, बेरीज जुळते का, प्रश्नाचे उत्तर मिळाले का. फाइलीच्या पोटात काय आहे हे पाहणारी पायरी कोणाच्याच वाट्याला आलेली नव्हती. अशा वेळी तपासणाऱ्यांची संख्या तीनवरून दहा केली असती तरी फार फरक पडला नसता.

आडनाव आणि आद्याक्षर, इतकेच?

पत्ते नव्हते, फोन नंबर नव्हते, बँक खाती नव्हती. फुटलेल्या माहितीच्या बातम्या वाचून निबर झालेल्या डोळ्यांना ही यादी किरकोळ वाटू शकते. ती किरकोळ का नव्हती हे कळायला उत्तर आयर्लंडच्या राजधानीत, बेलफास्टला, जावे लागते.

उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्ये राहावे, असे तिथल्या बहुतेक प्रोटेस्टंटांना वाटे; ते आयर्लंडमध्ये जावे, असे अनेक कॅथलिकांना. त्यावरून पेटलेल्या तीन दशकांच्या संघर्षात तीनशेहून अधिक पोलीस मारले गेले. तेव्हाचे दल, रॉयल अल्स्टर कॉन्स्टॅब्युलरी, बहुतांश प्रोटेस्टंट होते. कॅथलिक आठ टक्क्यांच्या आसपास. १९९८ च्या शांतता करारानंतर पोलीस दलाच्या सुधारणेसाठी पॅटन आयोग नेमला गेला आणि त्याच्या शिफारशींवरून २००१ मध्ये पीएसएनआय उभे राहिले. नवी भरती निम्मी कॅथलिक समाजातून, निम्मी इतरांतून, असा नियम दहा वर्षे चालला. त्यातून दलातले कॅथलिक अधिकारी तीस टक्क्यांच्या आसपास पोचले.

शांतता करार न मानणारे सशस्त्र गट आजही आहेत आणि कॅथलिक पोलीस त्यांच्या लेखी दुहेरी वैरी. २०११ मध्ये ओमा गावात एका तरुण कॅथलिक पोलिसाला त्याच्या गाडीखाली बॉम्ब लावून मारले गेले. ही यादी बाहेर पडली त्याच वर्षी, फेब्रुवारी २०२३ मध्ये, त्याच गावात एका वरिष्ठ तपास अधिकाऱ्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. तो ड्यूटीवर नव्हता, मुलांना फुटबॉल शिकवून निघाला होता. मार्चमध्ये तिथली दहशतवादी धोक्याची पातळी वाढवून 'गंभीर' करण्यात आली होती. तिथले पोलीस सकाळी गाडी सुरू करण्याआधी वाकून खाली पाहतात. काहींनी आपण कुठे नोकरी करतो हे नातेवाइकांना, मित्रांना सांगितलेलेच नसते.

आडनाव ऐकून माणूस कोणत्या समाजाचा हे ताडायची सवय त्या समाजात मुरलेली आहे. आपल्याकडे ओळख करून देताना नुसते नाव सांगितले की 'पूर्ण नाव काय?' असा प्रश्न येतो आणि तो कशासाठी येतो हे सगळ्यांना माहीत असते. मराठी वाचकाला हे निराळे समजावायला नको. वरून एखादे आडनाव दुर्मीळ असले, सोबत आद्याक्षर असले, विभाग असला आणि ठाणे कोणते हेही असले, की छोट्या गावात माणूस एकच उरतो. एकेक रकाना निरुपद्रवी असतो. ते शेजारी शेजारी आले की ओळख पटते. त्यात विभागाचा रकाना गुप्तवार्तेत काम करणाऱ्यांनाही वगळत नव्हता.

एक तुलना इथे करावीशी वाटते. आपल्या २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचे कलम ४(१)(ख) सांगते की प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या अधिकाऱ्यांची व कर्मचाऱ्यांची निर्देशिका आणि त्यांचे मासिक वेतन स्वतःहून प्रसिद्ध करावे. म्हणजे जिल्हा परिषदेतल्या लिपिकाचे नाव, पद आणि पगार कायद्यानेच उघडा आहे आणि तो तसा असावा, हे योग्यही आहे. त्यातलेच नाव आणि पद बेलफास्टमध्ये जिवावर बेततात. कोणती माहिती 'संवेदनशील' याची यादी एकदा छापून भिंतीवर लावून भागत नाही. ती कोणाबद्दल आहे आणि कोणाच्या हाती पडेल, यावर सगळे ठरते.

त्यानंतर

सहा दिवसांनी, १४ ऑगस्टला, दलाचे प्रमुख सायमन बर्न यांनी जाहीर केले की ही यादी करार न मानणाऱ्या सशस्त्र गटांच्या हाती लागली आहे असे दल आता धरून चालत आहे. त्याच सुमारास बेलफास्टच्या फॉल्स रोडवर, आयर्लंडच्या एकीकरणाची बाजू घेणाऱ्या सिन फेन पक्षाच्या कार्यालयासमोरच्या भिंतीवर, नावे काढून टाकलेला यादीचा एक भाग चिकटवलेला सापडला. सोबत पक्षाच्या एका नेत्याचा फोटो आणि धमकी. नावे नव्हती, पण फाइल आमच्याकडे आहे एवढे सांगायला ते पुरेसे होते.

लोकांचे काय झाले? आयसीओकडे आलेल्या तक्रारींत घर बदलल्याचे, नातेवाइकांशी संबंध तोडल्याचे, रोजचा जाण्यायेण्याचा क्रम मोडल्याचे, झोप उडाल्याचे उल्लेख आहेत. कोणी पदरचे पैसे घालून घराला कॅमेरे बसवले. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, कार्डाचा नंबर फुटला तर बँक नवे कार्ड देते. आडनाव फुटले तर काय बदलणार?

सप्टेंबरच्या सुरुवातीला बर्न यांनी राजीनामा दिला. त्यामागे दोन कनिष्ठ पोलिसांवरच्या कारवाईबाबत न्यायालयाने दिलेला निकालही होता, पण या प्रकरणाने त्यांची बाजू आधीच पोखरली होती. सुरक्षेचा आणि दाव्यांचा मिळून खर्च २४ कोटी पौंडांपर्यंत जाऊ शकेल, असा अंदाज दलाने मांडला. एका लपवलेल्या शीटचा हिशोब.

लंडन शहर पोलीस दलातले पीट ओ'डोहर्टी यांच्याकडे स्वतंत्र चौकशी सोपवली गेली. डिसेंबर २०२३ मध्ये आलेल्या त्यांच्या अहवालात ३७ शिफारशी आहेत. अहवालाने चूक एका व्यक्तीच्या, एका विभागाच्या माथी मारली नाही. माहिती जपण्याच्या संधी दलाने संस्था म्हणून वेळोवेळी दवडल्या, असा त्याचा सूर आहे. ज्या माणसाने ती फाइल बनवली त्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहिले की हा निष्कर्ष पटतो. नऊ हजारांहून अधिक सहकाऱ्यांच्या नोंदी एका क्लिकमध्ये वैयक्तिक फाइलीत उतरवता येतात, त्या फाइलीत काम करून तीच फाइल बाहेर पाठवायची हीच रूढ पद्धत असते, आणि तरीही कधीच काही घडू नये ही अपेक्षा त्या एका माणसाकडून. 'मानवी चूक' हा शब्दप्रयोग अशा वेळी कार्यालयांना फार सोयीचा पडतो.

आयसीओने ऑक्टोबर २०२४ मध्ये दलाला साडेसात लाख पौंडांचा दंड केला. सार्वजनिक संस्थांना दंड कमी ठेवण्याचे धोरण नसते, तर रक्कम ५६ लाख पौंड झाली असती, असेही आयुक्तालयाने सांगितले. धोरणामागचा विचार कळतो: दंड शेवटी करदात्यांच्याच पैशातून जातो, पोलिसांच्या खिशातून नाही. पण मग दंडाची वेदना नेमकी कोणाला होते, हा प्रश्न साडेसात लाखांनाही लागू आहे.

अकरा वर्षांपूर्वीचा इशारा

हे सगळे अनपेक्षित होते, असे कोणी म्हणत असेल तर ते खरे नाही. जून २०१२ मध्ये लंडनच्या इस्लिंग्टन नगर परिषदेने माहिती अधिकारातल्या एका अर्जाला उत्तर म्हणून एक्सेल फाइली पाठवल्या होत्या. त्याच 'व्हॉट डू दे नो' वर. त्यांत २,३७५ रहिवाशांची खासगी माहिती गेली. संकेतस्थळ चालवणाऱ्यांच्याच ते लक्षात आले आणि त्यांनी परिषदेला कळवले. २०१३ मध्ये आयसीओने ७०,००० पौंडांचा दंड केला.

तिथे लपवलेले शीट नव्हते, पिव्होट टेबल होते. हा प्रकार जरा समजून घेण्यासारखा आहे, कारण आपल्याकडे हिशोब, हजेरी, सर्वेक्षण अशा सगळ्या कामांत पिव्होट टेबल सर्रास वापरले जाते. पिव्होट टेबल आकड्यांचा सारांश दाखवते, पण ज्या नोंदींवरून सारांश काढला त्यांची एक प्रत स्वतःजवळ बाळगते. मूळ शीट पुसून टाकले तरी ती प्रत राहू शकते. सारांशातल्या एखाद्या आकड्यावर दोनदा क्लिक केले की त्या आकड्यामागच्या सगळ्या ओळी नव्या शीटवर उलगडतात. बेरजेचा तक्ता दिला असे वाटते आणि अख्खी नोंदवही दिलेली असते.

म्हणजे तेच संकेतस्थळ, तोच कायदा, तसलीच फाइल. मधल्या काळात सूचना निघाल्या, मार्गदर्शिका छापल्या गेल्या. पीएसएनआयच्या घटनेनंतर सप्टेंबर २०२३ मध्ये आयसीओने सगळ्या सार्वजनिक संस्थांना बजावले की माहिती अधिकाराच्या उत्तरात मूळ एक्सेल फाइली ऑनलाइन टाकणे ताबडतोब थांबवा. अकरा वर्षे उशिरा का होईना, पण यात 'नीट पाहून टाका' ऐवजी 'टाकूच नका' असे म्हटले होते. हा बदल मला महत्त्वाचा वाटतो.

तोवर ब्रिटनमध्येच आणखी मोठा प्रकार घडून गेलेला होता, फक्त जगाला त्याचा पत्ता नव्हता. फेब्रुवारी २०२२ मध्ये संरक्षण खात्यातल्या एकाने ब्रिटनमध्ये आश्रय मागणाऱ्या अफगाण लोकांची यादी ईमेलने पाठवली. आपण दीडेकशे ओळी पाठवतो आहोत अशी त्याची समजूत होती. फाइलमध्ये सुमारे ३३,००० ओळी होत्या. तिच्यातला काही भाग ऑगस्ट २०२३ मध्ये फेसबुकवर दिसला तेव्हा खात्याला हे कळले. न्यायालयाने बातमीवर आणि बंदीच्या बातमीवरही बंदी घातली. ती जुलै २०२५ मध्ये उठली. तालिबानच्या राज्यात ब्रिटिशांना मदत करणाऱ्यांची यादी म्हणजे काय, हे सांगायची गरज नाही.

कशाने अडले असते

पीएसएनआयची तीच फाइल डोळ्यांसमोर ठेवून पाहू.

पहिली गोष्ट फाइल बनण्याच्या आधीची. हुद्दानिहाय संख्या हवी होती. त्यासाठी नावे कशाला उतरवायची? प्रणालीतूनच मोजणी करून फक्त आकडे बाहेर काढता आले असते, निदान नाव आणि आडनावाचे रकाने वगळून उतरवता आले असते. जी माहिती फाइलमध्ये आलीच नाही ती फुटू शकत नाही. हा उपाय सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात खात्रीचा.

दुसरी गोष्ट: कामाची फाइल आणि पाठवायची फाइल वेगवेगळी. उत्तराचा तक्ता नव्या कोऱ्या फाइलमध्ये न्यायचा, तोही 'पेस्ट स्पेशल' मधून फक्त मूल्ये म्हणून. नुसते कॉपी-पेस्ट पुरत नाही. पिव्होट टेबल जसेच्या तसे उचलून नव्या फाइलमध्ये ठेवले तर मूळ नोंदींची प्रतही सोबत जाते. वर्डमध्ये एक्सेलचा तक्ता किंवा आलेख चिकटवतानाही हीच गफलत होते: तो 'एम्बेड' झाला तर त्याच्यासोबत अख्खी एक्सेल फाइल वर्डच्या आत जाऊन बसते.

त्याहून चांगले म्हणजे फाइल सीएसव्ही स्वरूपात, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या रूपात, देणे. सीएसव्हीत एकच शीट मावते. लपवलेले शीट, टिपणी, पिव्होटची प्रत, काहीच तिच्यात राहत नाही. नोटपॅडमध्ये उघडली की जे आहे ते सगळे समोर दिसते. मराठीत काम करणाऱ्यांसाठी एक अडचण आहे: साध्या सीएसव्हीत जतन केले की देवनागरीची जागा प्रश्नचिन्हे घेतात. 'सेव्ह अ‍ॅज' च्या यादीत यूटीएफ-८ असे लिहिलेला सीएसव्हीचा वेगळा पर्याय असतो, तो निवडावा. पण एक ध्यानात ठेवावे, लपवलेल्या ओळी आणि लपवलेले कॉलम सीएसव्हीत जातातच. फरक इतकाच की तिथे ते उघडे पडतात आणि पाठवण्याआधी तुम्हालाच दिसतात.

तिसरी गोष्ट तपासणीची. एक्सेलमध्ये 'फाइल', मग 'इन्फो', मग 'चेक फॉर इश्यूज' मध्ये 'इन्स्पेक्ट डॉक्युमेंट' अशी सोय आहे. ती लपवलेली शीट्स, ओळी, कॉलम, टिपण्या शोधून सांगते. फुकट आहे, वर्षानुवर्षे आहे. आणखी एक रांगडा उपाय: फाइल किती मोठी आहे ते पाहायचे. वीस-तीस ओळींच्या तक्त्याला दहा-वीस केबी पुरतात. तेवढ्याशा तक्त्याची फाइल शेकडो केबींची निघाली की कुठेतरी पाणी मुरतेय. ज्यांना खोलात जायची हौस आहे त्यांनी एक्सेल फाइलची प्रत काढून तिच्या नावातले शेवटचे एक्सएलएसएक्स बदलून झिप करावे आणि ती उघडून पाहावी. आत वर्कशीट्सचा एक फोल्डर सापडतो. पडद्यावर एकच शीट दिसत असताना त्या फोल्डरमध्ये दोन निघाली, तर उत्तर मिळाले. नुसत्या 'अनहाइड' ने न दिसणारा, जास्तच खोल लपवलेला एक प्रकारही एक्सेलमध्ये असतो. या रीतीने तोही सापडतो.

आणि जे उपाय वाटतात पण नाहीत, तेही सांगायला हवेत. 'प्रोटेक्ट शीट' चा पासवर्ड चुकून हात लागू नये म्हणून असतो, आतली माहिती तो कुलूपबंद करत नाही. फाइल उघडण्यालाच लावलेला पासवर्ड वेगळा. तो खरोखर कूटबद्ध करतो. पण उत्तरच जाहीर करायचे असेल तर त्याचाही उपयोग नाही. पीडीएफमध्ये नावांवर काळे चौकोन ओढणे हा असाच एक भ्रम. चौकोनाखालचा मजकूर पुष्कळदा निवडून दुसरीकडे चिकटवता येतो. नाव खोडायचे असेल तर ते मजकुरातून काढावे लागते, झाकून चालत नाही.

आपल्या फाइली

पुण्या-मुंबईतल्या सोसायटीच्या ग्रुपवर थकबाकीदारांची यादी पडते आणि शेजारच्या शीटमध्ये सगळ्या भाडेकरूंचे आधार क्रमांक असतात. शाळेच्या ग्रुपवर सहलीची यादी येते, जी वर्षाच्या सुरुवातीला केलेल्या प्रवेशाच्या मास्टर शीटमधून 'फिल्टर' लावून काढलेली असते. फिल्टर काढला की जात, उत्पन्न, पालकांचे मोबाइल नंबर. पाठवणाऱ्याच्या मनात काहीच वाईट नसते. त्याने समोर दिसतेय ते पाठवले. व्हॉट्सअ‍ॅपचे कूटबद्धीकरण इथे कामाचे नाही, कारण फाइल वाटेत कोणी पळवलेली नाही. ती ज्यांना पाठवली त्यांनाच मिळाली आहे. फोटो पाठवतानाही एक भेद ध्यानात ठेवावा. फोटो म्हणून पाठवला तर व्हॉट्सअ‍ॅप त्यातली जागेची नोंद गाळते, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर ती तशीच जाते. दर्जा चांगला राहावा म्हणून आपण नेमका दुसरा मार्ग निवडतो.

ड्राइव्हवरची लिंक देणे फाइल जोडण्यापेक्षा बरे, पण ती नावानिशी, ठरावीक लोकांना दिलेली असेल तरच. 'लिंक असलेल्या कोणालाही' हा पर्याय म्हणजे फाइल चौकात ठेवणे. नावानिशी दिलेली लिंक चूक कळल्यावर बंद तरी करता येते. जोडलेली फाइल बंद करता येत नाही, 'डिलीट फॉर एव्हरीवन' केले तरी ज्याने उतरवून घेतली त्याच्याकडे ती राहते.

बेलफास्टमध्ये यादी फुटली त्याच आठवड्यात, ११ ऑगस्ट २०२३ ला, भारताच्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. माहिती जपण्यात कुचराई झाली तर अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंड, आणि माहिती फुटली तर माहिती संरक्षण मंडळाला व ज्यांची माहिती फुटली त्या प्रत्येकाला कळवण्याचे बंधन, अशा तरतुदी त्यात आहेत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. बहुतेक बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होणार आहेत.

याच कायद्याच्या कलम ४४(३) ने माहिती अधिकारातले कलम ८(१)(ञ) बदलले. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा त्यातून खासगीपणावर विनाकारण घाला येतो, हे पाहावे लागे. आता 'वैयक्तिक माहिती' एवढे कारण पुढे करता येते. कलम ८(२) मधला व्यापक जनहिताचा अपवाद कायम आहे, पण तो लावायचा की नाही हे आधी त्या कार्यालयानेच ठरवायचे. फुटलेल्या फाइलींची भीती दाखवून उत्तरच न देणे, हा मार्ग त्यामुळे अधिकाऱ्यांना अधिक मोकळा झाला आहे. आयसीओने हा मार्ग घेतला नाही. मूळ एक्सेल टाकू नका म्हणताना माहिती देणे थांबवा असे त्याने म्हटले नाही. सीएसव्हीत द्या, असे सांगितले. पीएसएनआयला विचारलेल्या प्रश्नात तसेही कोणाचे नाव मागितलेले नव्हते. हुद्दा आणि त्यापुढे संख्या, एवढ्या दोन रकान्यांत पूर्ण उत्तर मावत होते.